तांबडीचं भोक

प्लॅस्टिकच्या खुर्च्या गावात नव्यानं आल्या, तेव्हाची गोष्ट. शिवलिंगअण्णा मांडववाल्याच्या अंगणात पन्नास खुर्च्या होत्या, सगळ्या एकसारख्या तांबड्या. प्रत्येकीच्या बसायच्या जागी मधोमध बोटभर भोक.

ओसरीवरची सागवानी आरामखुर्ची त्यांना हसायची. "घडवणाऱ्याचा हात चुकला गं बायांनो! तोही पन्नासदा!"

एका तांबडीला हे फार लागलं. चुकायचं तर एकीचं चुकेल, सगळ्यांचं कसं? आणि मुद्दाम केलं असेल, तर कशासाठी? तिला काही उमजेना. शेवटी भिंतीवर मातीचं घर बांधणाऱ्या कुंभारमाशीला तिनं विनवलं, "मावशी, एवढं भोक लिंपून दे." तिचं बघून बाकीच्यांनीही लिंपून घेतलं.

संध्याकाळी अण्णांनी खुर्च्या एकीत एक दाबून थप्पी रचली. सकाळी लग्नघरी बघतात तो एकीतून एक सुटेना! अण्णा वरची ओढत होते, त्यांची बायको गौराक्का खालची धरून होती, आणि म्हातारे वऱ्हाडी काठी टेकून तिष्ठत उभे.

गौराक्कानं वाकून बघितलं. "अहो, भोकं बुजलीत! दोघींच्या मधे वाराच शिरेना, घट्ट चिकटल्यात, मग सुटतील कशा?" तिनं केसातला आकडा काढून माती टोकरली, तशी एकेक खुर्ची अलगद सुटत गेली.

तांबडीवर एक आजोबा "हुश्श" करून टेकले.

तांबडी मात्र आणखीनच गोंधळली. तिचे पाय, पाठ, हात कुणीतरी घडवले, हे तिला कळत होतं. पण जिथं काहीच ठेवलं नाही, नेमकं तिथंच एवढं डोकं लावणारा तो कोण असेल?