दोघांचा दगड

"ते सगळं राहू द्या. चूक कुणाची, एवढंच सांगा!"

पाव्हण्यानं हे तिसऱ्यांदा विचारलं. आवाज असा, की समोरच्या दरीनंच उत्तर द्यावं.

धाकलूबाबा चूल फुंकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बाबा या घाटात अठ्ठावीस वर्षं मैलमजूर होते. खड्डे बुजवायचे, गटारं उपसायची. काम सुटलं, पण खाली गावात गेलेच नाहीत. या वळणावर झोपडी घातली. लोक येऊन बसायला लागले, मनातलं विचारायला लागले, बाबा म्हणायला लागले. मीसुद्धा मास्तरकी सोडून ज्ञान घ्यायला आलो. सहा वर्षं झाली. काय शिकलो म्हणाल, तर दगड उचलायला.

कारण या घाटात एक घाणेरडी खोड आहे. चढावर गाडी बंद पडली की माणूस चाकामागं दगड लावतो. गाडी सुरू झाली की खुशीत निघून जातो. दगड तिथंच, रस्त्यात. मागनं येणारा त्याच्यावर आपटतो. आम्ही दोघं रोज ते दगड उचलून कठड्याला लावतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! माझं तर डोकंच फिरतं.

या पाव्हण्याच्या जीपचा टायरही अशाच दगडानं फाडला होता. नाव भूपाल मगदूम. इचलकरंजीत त्याचे यंत्रमाग.

"सकाळी आम्ही तिघं दोस्त टपरीवर चहा पीत होतो," तो म्हणाला. "आमचा सातगोंडा म्हणाला, चला, समुद्र बघून येऊ. झालं! ना कपडे, ना पत्ता. मी म्हणतोय, आधी ठरवू तरी. पण माझं ऐकतंय कोण?"

"मग?"

"मग काय! दस्तगीर म्हणाला, मला जवळची वाट ठाऊक आहे. ती वाट एका गोठ्यात जाऊन संपली. गोठ्यात, बाबा! पुढं म्हशी. मग सातगोंडाच्या मावशीकडं जेवायचं ठरलं. तर मावशी घराला कुलूप लावून गेलेली. कुठं? इचलकरंजीला!"

मला हसू फुटत होतं. बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी ते गिळलं.

"मग वडे खाल्ले, तर सातगोंडाला उलट्या. समुद्र आठ किलोमीटरवर राहिला आणि पूल बंद. परत फिरलो. इथं आलो आणि हा दगड! त्यात हँडब्रेक धरत नाही. मी ब्रेकवर पाय दाबून बसलोय आणि ते दोघं चाकामागं दगड लावतायत, दहा मिनिटं! एक काम धड नाही. आणि स्टेपनी काढली, तर तिच्यात हवा नाही!"

"स्टेपनी कुठली?"

"गाडीचीच."

"गाडी कुणाची?"

पाव्हण्यानं तो प्रश्न झटकला.

"वीस वर्षांची दोस्ती आहे आमची. आज संपली! दोघं स्टेपनी घेऊन टेंपोतनं खाली गेलेत, हवा भरायला. येऊ देत. चाक बसवतो, त्यांना म्हणतो तुम्ही एस्टीनं या, आणि मी एकटा जातो. पुन्हा तोंड बघायचं नाही."

बाबांनी कपात चहा ओतला.

"आणि दगडवाला?"

"तो? तो नुसता सापडू दे! गाडीतनं खाली ओढीन आणि अख्खा घाट चालत उतरवीन. मग अक्कल येईल."

"बस मग. चहा घे. येईल तो."

"कोण?"

"दगडवाला."

"परत इथंच?"

बाबांनी कप पुढं केला.

पाव्हणा खरंच बसला. वर जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडं डोळे वटारून बघायला लागला. मला वाटलं, बाबांनी याला बरा कामाला लावला.

तासाभरानं ते दोघं चालत आले. पोरगेलासा, पांढराफटक पडलेला तो सातगोंडा. दाढीवाला, अनवाणी दस्तगीर, खांद्यावर स्टेपनी. शर्ट काळाकुट्ट.

"भूपाल, झालं गड्या काम," सातगोंडा म्हणाला. "हवावाला जेवायला गेलेला. येताना गाडीच मिळेना. चालतच आलो."

दोघांनी चाक बसवलं. भूपाल कमरेवर हात ठेवून उभा.

"नट आवळ नीट. तेवढं तरी जमू दे."

मग त्यानं जीपमधनं सातगोंडाचा टॉवेल काढला, दस्तगीरच्या चपला काढल्या आणि कठड्यावर ठेवल्या.

"तुम्ही एस्टीनं या."

"चेष्टा करतोयस?"

"नाही. आजपासनं तुमचं तुम्ही, माझं मी."

सातगोंडा बघतच राहिला.

"जाऊ दे त्याला, सात्या," दस्तगीर म्हणाला. "सकाळपासनं तापलाय."

दोघं कठड्यावर टेकले. भूपाल जीपमध्ये चढला. गुरगुर करत जीप पुढं सरकली, वळण घेतलं.

दगड तिथंच. रस्त्याच्या मधोमध.

मी सहा वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एका दमात बाहेर आलं.

"ओ मगदूम! दगड कोण उचलणार, तुमचा बाप?"

वळणापुढच्या सपाटीवर जीप थांबली. तो उतरून मागं आला. दगडाकडं बघितलं. मग बाबांकडं.

"मी नव्हता लावला. ह्यांनी लावला होता."

बाबा कप धुवत होते...

त्यानं वाकून दगडाला हात घातला. जागचा हलेना. एकट्याचा नव्हे, तो दोघांचा दगड, मला ठाऊक आहे. मग त्यानं लोटला, तर दगड उतारावर सुटायला लागला. त्यानं घाईघाईनं पाय आडवा घातला आणि दगड तसाच पोटरीनं धरून उभा राहिला. ना सोडता येतोय, ना उचलता.

खालच्या वळणावर एस्टीचा हॉर्न वाजला.

मी उठलो. बाबांनी माझा सदरा धरला.

"बाबा, गाडी येतेय!"

"बस."

"अहो, पण..."

"बस म्हटलं ना."

हॉर्न जवळ आला. भूपालचा चेहरा लाल झाला होता. त्यानं एकदा दरीकडं बघितलं, एकदा आभाळाकडं... आणि मग कठड्याकडं.

"सात्या... दस्तगीर... हात लावा रे."

"आम्ही एस्टीची वाट बघतोय," दस्तगीर म्हणाला. पण तो म्हणेपर्यंत दोघं उठले होते. सातगोंडा तर धावलाच.

तिघांनी दगड उचलून कठड्याला लावला. तेवढ्यात एस्टी वळणावर आली. ड्रायव्हरनं हळू करून तिघांकडं बघितलं. कुणीच हात केला नाही. एस्टी निघून गेली.

भूपाल धापा टाकत दगड न्याहाळत होता. त्याच्या एका धारेला रबराचा काळा ओरखडा होता.

"हा... हा तोच?"

"मग काय तर," सातगोंडा म्हणाला. "ह्याच्यावरच आपटलो की आपण. दुसरा कुठला शोधणार होतो? हाच ओढून लावला."



मग भूपालनं कठड्यावरचा टॉवेल उचलला, चपला उचलल्या. नेऊन जीपमध्ये ठेवल्या.

"बसा," तो म्हणाला. आवाज बसलेला.

दोघं बसले. भूपाल परत आला, बाबांसमोर हात जोडले.

"येतो, बाबा."

"थांब की. दगडवाला सापडला ना?"

तो खाली बघत म्हणाला, "सापडला."

"मग त्याला चालत उतरवणार होतास... गाडीतनं कसा काय नेतोयस?"