तेवीस गुण आणि एक दोरी

एकदा एक नदी होती, आणि ती फक्त खेळात होती. खेळ म्हणजे पडद्यावरचा. आपल्या घरची शहाणीसुरती माणसं ज्यात तासन्‌तास हरवतात, तो. त्या नदीवर सदैव पहाट सरल्यानंतरची आणि ऊन पडण्याआधीची वेळ असे. पाण्यावरून पांढरं धुकं सावकाश चालत जाई. आपण खेळत आहोत की दुसऱ्याच कुणाच्या स्वप्नात येऊन बसलो आहोत, हे काठावरच्या माणसाला नीट सांगता येत नसे.

त्या खेळाचा नियम असा, की एकेक पायरी चढलं की एकेक गुण मिळे. तो तलवारीला लावावा, धनुष्याला लावावा किंवा औषधाला. जिथे लावावा तसा माणूस घडत जाई. लावलेला गुण परत काढता येत नसे. आणि तिथे जो मरे तो कायमचा मरे. त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर, नव्या नावाने जन्म घ्यावा लागे.

यामिनी रोज दुपारी तिथे येई. ही बाई साडी घ्यायला गेली तर दुकानातली शेवटची घडी मोडेपर्यंत उठायची नाही, आणि घरी आल्यावर न घेतलेल्या साडीसाठी हळहळायची. खेळातही तेच. तेवीस पायऱ्या चढली, तेवीस गुण मिळाले, आणि तेवीसच्या तेवीस तिने जपून ठेवले. एक गुण औषधाला लावावा, तर तलवार हातची जाईल या विचाराने तिचं बोट थबके.

तिचा सोबती सोपान, सोलापूरकडचा. सहा वर्षं खेळत होता आणि त्याने सगळे गुण डोळे मिटून तलवारीला लावले होते. दोघांची प्रत्यक्षात कधी भेट झालेली नव्हती. पण यामिनीला भाऊ नव्हता, आणि हा पहिल्या दिवसापासून तिला ताई म्हणत आला होता.

"ताई, तेवीस गुन हायेत तुझ्यापाशी," तो चेष्टेने म्हणे, "पन तुझा गुन काय, ते अजून कुनाला कळलं न्हाई."

अखेर पैलतीरी जाण्याचा दिवस आला. नदीच्या मध्यावरचं धुकं विषारी होतं, आणि यांच्या सोबतचा वैद्य महिन्यापूर्वीच खेळ सोडून गेलेला. काठावर एक म्हातारा नावाडी असे. तो खेळानेच घडवलेला, की कुणी निवृत्त मास्तर घरबसल्या नाव हाकतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्याला गुरुजी म्हणत. यामिनी त्याच्यापाशी जाऊन बसली.

"गुरुजी, तलवार, धनुष्य की औषध? असा एक मार्ग सांगा, की जो धरल्यावर पस्तावा होणार नाही."

म्हाताऱ्याने आपल्या नावेची दोरी सोडली, तिचं टोक यामिनीच्या हातात दिलं आणि म्हणाला, "बांध."

काठावर तीन खुंट होते. एक कललेला, एक शेवाळलेला, तिसरा चांगला सरळ, पण जरा लांब. यामिनीने पहिला हलवून पाहिला. दुसऱ्यावरून बोट फिरवलं. तिसऱ्यापर्यंत दोरी पुरेल का, याचा अंदाज घेत ती उभी राहिली. तेवढ्यात प्रवाहाने ओढ घेतली, दोरी तळहातातून सरकली आणि नाव धुक्यात निघून गेली. म्हातारा बसल्या जागी शांतपणे पाहत होता.

"मी आनतो," म्हणत काठावर थांबलेला सोपान पाण्यात उतरला. ती थांब म्हणेपर्यंत तो छातीएवढ्या पाण्यात पोचला होता, आणि मग दिसेनासा झाला.

यामिनी रडकुंडीला आली. "गुरुजी, तुम्ही पाहत होता. सांगितलं का नाही कोणता खुंट ते?"

"तिन्ही खुंटांनी नाव धरली असती," म्हातारा म्हणाला. "पोरी, जुन्या भाषेत गुण म्हणजे दोरी. तेवीस हात दोरी तू गुंडाळून काखेत मारली आहेस, आणि तिलाच सामर्थ्य समजते आहेस. बांधलेली नाही तोवर ती नुसतं ओझं. तू विचारतेस, कोणता खुंट उत्तम. नाव एवढंच विचारते, मला कुणी धरलं आहे का. एकाला बांधलं की उरलेले दोन सुटतात, त्याचं वाईट वाटतंच. ते वाटू द्यावं."

धुक्यातून सोपान आला तो नावेला पाठीने रेटत. काठाला लागताच तो वाळूत कोसळला. त्याच्या डोक्यावर प्राणाची जी तांबडी रेघ असे, ती नखाएवढी उरली होती, आणि तीही आटत होती. सहा वर्षं खेळून घडवलेला सोपान तिच्या डोळ्यांसमोर चालला होता.

यामिनीने गुणांची पाटी उघडली. तलवारीकडे तिने पाहिलं नाही, धनुष्याकडेही नाही. तेवीसच्या तेवीस गुण तिने औषधाला लावले. तिच्या ओंजळीत एक हिरवं पान उमटलं. ते तिने त्याच्या कपाळावर ठेवलं आणि वर हात दाबून धरला. बराच वेळ काही झालं नाही. नदी वाहायची थांबल्यासारखी वाटली. मग ती तांबडी रेघ केसभर सरकली, आणि सरकत राहिली.

सोपानने डोळे उघडले. आजाऱ्याने वैद्याला सांगावं तसं तो हळूच म्हणाला, "गुन आला, ताई."

यामिनी हसली, आणि पडद्याच्या अलीकडे तिने पदराने डोळे पुसले. तोवर म्हाताऱ्याने नाव बांधून टाकली होती. कोणत्या खुंटाला, ते तिने पाहिलंसुद्धा नाही.