आवडाईचं झाड

ऐका सावकाश. फार फार वर्षांमागं उंबरकोंडात आवडाई नावाची बाई नांदायला आली. आईनं तिच्या पदराच्या गाठीत चिमूटभर माठाचं बी बांधून दिलं होतं. खसखशीएवढं ते बी तिनं राखेत कालवून परसात फेकलं, अन् त्या एका वाफ्यातून साऱ्या गावाचे वाफे झाले. कुणी भाजी मागायला आलं की म्हणायची, "शेंडा खुड बाई, मूळ उपटू नको. खुडलं की पुन्हा फुटतं."

एका साली टोळधाडीची वर्दी आली. टोळांनी खाण्यापरीस आपणच खाऊ, म्हणून लोकांनी वाफेच्या वाफे मुळासकट उपटले. घरोघर लसणाच्या फोडणीचा वास सुटला. आवडाईनंही आपला वाफा वाटून टाकला, पण तुरा आलेलं एक झाड तेवढं राखलं.

तिची थोरली जाऊ सगुणा कुंपणावरून म्हणाली, "आवडे, त्या एका काडीचं काय लोणचं घालणार?"

"पेरायला नको का, जाऊबाई?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आभाळ काळं झालं. आवडाईनं लग्नातलं हिरवं लुगडं झाडावर पांघरलं, अन् वर स्वतः ओणवी झाली. टोळांनी लुगडं पानासारखं कुरतडलं, मग तिची पाठ. असं म्हणतात, तीन दिवस ती हलली नाही.

सगुणा दारातून रडायची, "ऊठ गं माझे बाय! झाड गेलं तर जाऊ दे!"

"बी कोवळं आहे अजून. पिकू द्या."

चौथ्या दिवशी टोळ उठले. शिवारात हिरवं पान नव्हतं. झाड मात्र उभं होतं, देठापासून तुऱ्यापर्यंत लालभडक, तिच्या पाठीसारखं. असं म्हणतात, तोवर इथला माठ हिरवाच होता.

तिनं तुरा सुपात झाडला. घरटी एक चिमूट वाटली, पण सूप काही रिकामं होईना. सगळ्यांच्या मागं सगुणा उभी, मान खाली घालून. आवडाई उठून गेली अन् तिच्या पदराला आपल्या हातानं गाठ मारून आली.

अजून उंबरकोंडात लेक सासरी निघाली की आधी ती गाठ बांधतात. प्रत्येक वाफ्यात एक झाड राखतात, ते आवडाईचं. अन् पाहुण्याचा हात चुकून मुळाकडं गेला, तर घराघरातून हाक येते, "खुड रे बाबा, खुड!"