एकोणीस दगडांची रांग

या मंडळी, फोटो नंतर काढा, आधी हे दगड बघा. एकोणीस आहेत. बावीस मजली इमारत, काचेचं दार, दोन्ही अंगांना चाफा आणि मधोमध ही वेडीवाकडी रांग. टोकाला लोखंडी नळखांब आहे, पण त्याला तोटी नाही. गाड्या इथे वळसा घालून जातात. इमारतीच्या माहितीपत्रकात याला शिल्प म्हटलं आहे. शिल्प कसलं आलंय! ही पाण्याची रांग आहे.

इथे राहायला येणारं प्रत्येक कुटुंब पहिल्या दिवशी शेवटच्या दगडापाशी तांब्याभर पाणी ओततं आणि म्हणतं, "तुमच्यामागं आम्ही." मगच घरातली तोटी उघडायची. चौदाव्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई आधी हसल्या होत्या. त्यांनीही ओतलं.

ही बुरूड आळी होती. सुपं, टोपल्या, रोवळ्या इथूनच सगळ्या शहराच्या लग्नांत जायच्या. बांबू भिजला नाही तर कामट्या मोडतात, म्हणून पाण्यावाचून चूल तर नाहीच, हातचं कामही बंद. नळ एकच, आणि त्याला पाणी यायचं दुपारी सव्वातीनला. बाया सकाळीच दगड ठेवून कामाला बसायच्या. दगड ठेवला म्हणजे माणूस उभा, असा इथला कायदा. एरवी कशावरूनही भांडतील, पण दुसऱ्याचा दगड कुणी हलवत नसे. आणि एखादी वेळेवर आली नाही, तर तिच्या मागचीने आधी तिचा हंडा भरायचा, मग आपला. रांगेवर देखरेख अंकुश मुकादमाची. पहिला नंबर गोजराबाईचा. तिचा दगड म्हणजे फुटक्या पाट्याचा अर्धा तुकडा.

मग आळी लोकांना आवडायला लागली. घात तिथेच झाला, असं म्हणतात. आधी फोटो काढणारे आले. मग तोंडाशी कॉफीचं दुकान आलं. त्यांनी टोपल्या उलट्या टांगून त्यात दिवे लावले. छान दिसायचं, खोटं कशाला बोलू. आळी बघून भाळलेली माणसं आसपास राहायला आली, आणि वर्षाच्या आत त्यांनीच तक्रार केली की दिवसभर बांबू फोडण्याचा आवाज होतो. मग बिल्डर आला. दोन वर्षं बाहेर राहा, म्हणाला, मग इथेच पक्कं घर.

कुणीतरी म्हणालं, लिहून घ्या. गोजराबाईने हात झटकला. "कागुद कशाला? आमचा नंबर हाय की हितं!" निघायच्या दुपारी एकोणीस घरांनी एकोणीस दगड रांगेत ठेवले. "मुकादम," गोजराबाई म्हणाली, "आमी येईस्तवर नंबर राखा." अंकुशने वाहत्या पाण्याखाली हात धरून शपथ घेतली की एकही दगड हलणार नाही. मग टेम्पोत बांबू भरले आणि आळी हायवेच्या पलीकडे गेली. तोटी त्याच संध्याकाळी काढली.

अंकुशला इमारतीवर वॉचमनची नोकरी मिळाली. दोनाची सहा वर्षं झाली. घरं मिळणाऱ्यांची यादी लागली, तिच्यात आळीतलं एकही नाव नव्हतं. आणि एका सकाळी इमारतीचे साहेब म्हणाले, गाड्यांना वाट हवी, हे धोंडे काढ. अंकुशला वाटलं, एकानं काय होतंय, चार हात तर सरकवायचा आहे. त्याने फक्त पहिला सरकवला.

त्याच दुपारी, बरोबर सव्वातीनला, म्हणे गोजराबाई दारात उभी. कमरेवर हंडा. दारावरच्या नव्या वॉचमन पोराने विचारलं, कुणाकडे जायचंय? ती म्हणाली, "माज्या नंबरवर." मग तिला पाट्याची मोकळी जागा दिसली. तिथली फरशी बाकीच्यांपेक्षा उजळ होती. ती ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "मुकादम, माज्या मागं कोण हाय, तिला सांगा. माजंबी भरून ठेव म्हनावं." आणि वळली. कुणी म्हणतं, ती घरी पोचून त्याच आठवड्यात गेली. कुणी म्हणतं, तिठ्याच्या पुढे तिला कुणी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वातीनला बावीस मजल्यांच्या तोट्या एकदम कोरड्या पडल्या. गच्चीवरची टाकी तर काठोकाठ भरलेली! खाली भर उन्हात हंडे टेकल्याचे आवाज आले आणि बिनतोटीच्या या खांबातून पाण्याची धार लागली. तिसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा अंकुशने पाटा उचलून जागेवर आणला. लगेच वर पाणी चढलं. साहेबांनी स्वतः गाड्यांची वाट वळवून घेतली.

तेव्हापासून ही रीत. रांग त्यांची, आपण मागचे.

आजही सव्वातीन झाले की प्रत्येक दगडाशेजारी फरशीवर हंड्याच्या बुडाचं ओलं वर्तुळ उमटतं. अठरा उमटतात. पाट्याशेजारची फरशी तेवढी कोरडी राहते. म्हणून कुणीतरी रोज तिथे तांब्या ओततं. पाणी फरशीला लागतं न लागतं तोच नाहीसं होतं, ओल म्हणून राहत नाही. तरी ओतायचं.

इतका वेळ म्हणे म्हणे करत सांगितलं, मंडळी. सरळ सांगायला बळ लागतं. सव्वातीन होतायत. जरा सरका, मला तांब्या भरून आणू द्या. पाटा मीच हलवला होता.