म्हशीनं दिलेला घास

एक होता राजा. त्याच्या घरात एक खूळ होतं, बरं का. पानात वाढायचं ते सगळं पांढरंशुभ्र! तांदूळ कांडून कांडून मोत्यासारखा करायचा. डाळीची सालं काढायची. पाल्याला तर शिवायचंसुद्धा नाही. कोंडा, सालं, शेवग्याचा पाला, सगळं जायचं गोठ्यात.

राजाची एक लेक होती, हेमावती. त्या राज्याची रीत अशी, की सुगीच्या पहिल्या पेंढीला राजकन्येनं आपल्या वेणीचा वेढा द्यायचा. त्याशिवाय पुढं कुणी शेताला विळा लावायचा नाही. आणि हिची वेणी तर उंदराच्या शेपटीएवढी! फणी फिरवली की ओंजळभर केस हातात. यंदा वेढा कसाबसा पडला, पुढच्या सुगीला उरलं एक वर्ष. पोरीला घोर लागला, माझ्यापायी लोकांचं पीक उभ्या उभ्या वाळणार.

मग राजानं माक्याचं तेल आणलं. केस गळतच राहिले. मग शिकेकाई आणली. गळतच राहिले. मग जास्वंदीचा लेप आणला. लेप राहिला, केस गेले!

मग हेमावती गोठ्यात जाऊन रडत बसली. तिथं होती चंद्री म्हैस. अंग कसं, आरशागत चकचकीत. ती काय म्हणाली?

“रडतेस कशाला गं? तुझे तर माझ्यावर उपकार आहेत.”

“माझे? ते कसे?”

“तुझ्या पानातलं सत्त्व रोज माझ्या घमेल्यात येतं. अगं वेडे, केस डोक्यावर दिसतात, पण पोसतात पोटातून. उद्यापासून माझा वाटा तू खा.”

“आणि तू?”

“मी चघळीन कडबा. मला कुठं वेणी घालायचीय!”

मग हेमावतीनं हातसडीचा भात मागितला, सालीची डाळ मागितली, शेवग्याची भाजी मागितली. आचारी म्हणाला, “ताईसाहेब, हे म्हशीचं खाणं!”

“असू दे. वाढ आणखी.”

लगेच काही झालं नाही, बरं का. महिना गेला, दोन गेले. मग केस गळायचे थांबले. मग कोवळे केस फुटले. वर्ष सरता सरता वेणी मनगटाएवढी जाड नि चांगली लांब!

सुगीला पेंढीला वेढा पडला, विळे चालले. लोक राजकन्येच्या पाया पडायला आले, तर ती होती गोठ्यात. कडबा खाऊन खाऊन चंद्रीच्या बरगड्या दिसत होत्या. हेमावतीनं तिच्या गळ्याला मिठी मारली.

“तोंडचा घास दिलास गं मला!”

“बरं, बरं. आता रडून भिजवू नकोस मला. भूक लागलीय.”

मग राजकन्येनं पदर खोचला, आपल्या हातानं कोंड्या-सालींचं आंबोण कालवलं आणि चंद्रीला पोटभर खाऊ घातलं. त्या घरात तेव्हापासून आधी गोठ्यात आंबोण जातं, मग माणसांची पानं मांडतात. सगळी सुखानं जेवतात, सुखानं निजतात.

तुमचीही पोटं भरलीत ना? मग मिटा बघू डोळे.