धडकोजीची मोहीम

जंगलातसुद्धा सेनापती नेमत असत, त्या काळची ही गोष्ट. धडकोजी नावाचा गवा तेव्हा सेनापती होता. तळ्याच्या वाटेवर तीन साळिंदरं दडून बसत आणि पाण्यावर येणाऱ्यांच्या पायांत काटे खुपसत. धडकोजीने गर्जना केली, "आठ दिवसांत एकही काटा शिल्लक ठेवणार नाही!"

"तिघांनाच गाठा की," कासव म्हणालं. "सगळं रान कशाला तुडवता?"

"कासवांनी लढाईतलं बोलू नये," म्हणत धडकोजी कळप घेऊन निघाला. झुडपं सपाट झाली, बिळं ढासळली, तितरांची अंडी फुटली. साळिंदरं काटे गाळत पळाली आणि खरं सांगायचं तर त्या तिघांना पुन्हा कुणी पाहिलंही नाही. धडकोजीने शेपटी उडवत विजय जाहीर केला.

दुसऱ्या दिवशी वाटेवर पाच जणांना काटे टोचले. धडकोजीने आणखी रान तुडवलं. मग बारा जणांना टोचले.

आठव्या दिवशी चिडून त्याने एका झुडपात शिंग घातलं, तर आत म्हातारा ससा. तोंडात साळिंदराचा काटा धरून उभा. शेजारी तितर, त्याच्याही चोचीत काटा.

"अहो आजोबा, तुम्ही कधी साळिंदर झालात?"

सशाने काटा खाली ठेवला आणि अदबीने म्हणाला, "मंगळवारी, सेनापती. तुमचा खूर आमच्या बिळावर पडला ना, त्या दिवशी. नातवंडं आत होती."

धडकोजीने तुडवायला पाय उचलला आणि तो कुठे ठेवावा, हेच त्याला कळेना.