राजाने घोंगडी विकली त्याची कहाणी

एका राज्यात मंदारसेन नावाचा राजा होता. कोठारे भरलेली, प्रजा सुखी, शत्रू दूर. खोड एकच. राजा स्वतःचे कौतुक करू लागला की सूर्य मावळला तरी थांबत नसे. दुसऱ्याचे बोलणे मात्र त्याला क्षणभर सोसवत नसे. कोणी काही विकायला आले की म्हणे, "कहाणी नको. गुण सांग, मोल सांग आणि वाटेला लाग."

एके दिवशी कंकाळी जादूगारीण काळी घोंगडी घेऊन दरबारात आली. म्हणाली, "महाराज, ही ज्या धनगराने विणली, तो एकदा..."

"कहाणी नको!" राजाने घोंगडी ओढून घेतली, अंगावर टाकली आणि आरशात पाहून म्हणाला, "असे खांदे सात राज्यांत नाहीत!"

घोंगडी तत्क्षणी खांद्यांना चिकटली आणि जड झाली.

कंकाळी म्हणाली, "ऐकून घेतले असतेस तर वाचला असतास. ही अंगावरून निघत नाही, आणि पांघरणाऱ्याने फुशारकी मारली की आणखी जड होते. सुटका हवी तर स्वतः बाजारात बसून ही वीक. घेणाऱ्याने दोष जाणून, राजीखुशीने घ्यावी. दान चालणार नाही, हुकूम चालणार नाही, खोटे चालणार नाही. कमरेपर्यंत जमिनीत रुतलास, तर धरणी तुला सोडणार नाही." एवढे बोलून ती चिमणी होऊन खिडकीतून उडाली. जाताना खिडकी लावून घेतली.

आता शहाण्या माणसाने तोंड आवरले असते. पण जिभेची सवय मोठी वाईट. दर फुशारकीला घोंगडी जड होत गेली. सिंहासन मोडले. राजा दिसला की पट्टहत्ती खाली बसू लागला. हेही राजाने सोसले असते. पण धाकटी राजकन्या इंदुलेखा रोज संध्याकाळी त्याच्या मांडीवर बसे, ते सुटले. ती चिरडेल या भीतीने राजा तिला लांबूनच हाकलून देई. ती दालनाच्या टोकाला बसून त्याच्याकडे पाहत राही. राजाला ते पाहवेना. तो उठला आणि पाय ओढीत बाजारात जाऊन लिंबाखाली बसला.

पहिल्या दिवशी समोरून सगुणाक्का आली. तिच्या हातात दोर होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला, डोक्यावर हातभर उंच, तिचा नवरा तरंगत होता. एका मांत्रिकाच्या फुंकरीने तो पिसासारखा हलका झाला होता. बाजाराला त्याची सवय होती.

राजा गरजला, "बाई, त्रैलोक्यात अद्वितीय घोंगडी! विकणारा कोण? साक्षात मंदारसेन!"

"वेळ नाही, महाराज. वारा सुटतोय," सगुणाक्का म्हणाली आणि नवऱ्याला ओढीत निघून गेली. राजा घोट्यापर्यंत रुतला.

लिंबावरची साळुंकी म्हणाली, "राजा, थोरवी कोणी विचारली होती? गोष्ट सांग, म्हणजे लोक थांबतील."

दुसऱ्या दिवशी राजाने डाळिंबात लपलेल्या परीची आणि तीन डोक्यांच्या राक्षसाची गोष्ट सांगितली. काय रंगली म्हणता! वाण्याचा तराजू वरच राहिला, हलवायाचे दूध उतू गेले, सगुणाक्काचा नवरा उलटा होऊन ऐकू लागला. राक्षस मेला, टाळ्या पडल्या आणि सगळे आपापल्या घरी गेले. घोंगडीकडे कोणी पाहिलेही नाही.

"माझ्यासारखा गोष्ट सांगणारा झाला नाही!" राजा म्हणाला, आणि गुडघ्यापर्यंत रुतला.

साळुंकीने कपाळाला पंख लावला. "गोष्टीत घोंगडी कुठे होती?"

"राहून गेली."

"उद्या घोंगडीचीच सांग. खरी सांग. जिथे दुखते तिथून सुरू कर. आणि जपून, आणखी एक फुशारकी, की संपलास."

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आले होते. राजा खालच्या आवाजात म्हणाला, "एका संध्याकाळी माझी लेक धावत आली, आणि मी तिला म्हणालो, जवळ येऊ नकोस."

दोन बायका थांबल्या. मागे वाणी थांबला.

राजाने सगळे सांगितले. कंकाळीचे बोलणे कसे तोडले, घोंगडी कशी चिकटली, झोपेत कूस कशी बदलता येत नाही. "मागच्या वादळात कौले उडाली, प्रधानजींचे पागोटे उडाले. मी मात्र तसूभर हललो नाही, कारण मी..."

साळुंकीने डोळे मिटले. राजाने ओठ चावला.

"कारण ही घोंगडी. माझे त्यात काही नाही. मी तर घाबरून रडत होतो."

गर्दीतून सगुणाक्का पुढे आली. वर तिचा नवरा वाऱ्याने गरगरत होता.

"महाराज, वादळात हलला नाहीत?"

"नाही."

"आणि ही झोपेतसुद्धा निघत नाही?"

"नाही, बाई. फुशारकी मारली की जड होते. हे दोष आहेत, नीट ऐकून घे."

"दोष कसले? आमचे हे रात्री आढ्याला जाऊन लागतात! लग्न झाल्यापासून मी दोन्ही हातांनी भाकरी थापली नाही. अहो, घ्यायची का?"

"घे, घे!" वरून आवाज आला.

"मोल म्हणून हा दोर देते. आता मला तो लागणार नाही."

राजाने दोर घेतला. घोंगडी आपोआप खांद्यांवरून सुटली. नवऱ्याने ती पांघरली मात्र, तो धप्पकन जमिनीवर आला आणि पाय आपटून म्हणाला, "असा उतरणारा दुसरा कोणी आहे का?" घोंगडी जरा जड झाली.

"पुरे," सगुणाक्का म्हणाली. "बाकीचे वारा सुटल्यावर बोला." आणि दोन्ही हातांनी पदर सावरून ती हसली.

जमिनीने राजाचे पाय सोडले. त्या दिवसापासून दरबारात येणाऱ्याचे म्हणणे पुरे ऐकले जाऊ लागले. दोराचा राजवाड्यात झोपाळा झाला. त्यावर इंदुलेखा राजाच्या मांडीवर बसली आणि म्हणाली, "तात, बाजारात तुम्ही फार शूरपणाने बसला होतात का?"

राजाने सवयीने तोंड उघडले. मग हळूच आपला रिकामा खांदा चाचपला.

"नाही गं. फार भ्यालो होतो."

"मग?" इंदुलेखा म्हणाली आणि त्याला आणखी बिलगली.